'टाइम' दिसला की आधी थांब

रत्नागिरी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली दोन्ही भाषांतरं वाचली, करारनामा आणि औषधाचं माहितीपत्रक. वाक्यं सुटसुटीत उतरली आहेत, त्याबद्दल शाबासकी. कान धरायचा तो एकाच गोष्टीसाठी. इंग्रजीत 'टाइम' दिसला की तू 'वेळ' लिहून मोकळी होतेस. अवघड शब्दासाठी आपण कोश उघडतो, सोप्या शब्दाकडे कोणी पाहत नाही, आणि घात तोच करतो.

माहितीपत्रकच घे. 'थ्री टाइम्स अ डे' म्हणजे दिवसातून तीनदा. त्याच पानावर खाली 'थ्री टाइम्स द यूज्वल डोस' आहे, म्हणजे नेहमीच्या तिप्पट. पहिल्या ठिकाणी खेपा मोजल्या आहेत, दुसऱ्या ठिकाणी मात्रा. तू दोन्हीकडे 'तीन वेळा' लिहिलंस. एकदम तिप्पट गोळ्या घेऊ नका, हा इशारा त्यात पार हरवला. शाळेतलं 'थ्री टाइम्स फोर' हेही याच कुळातलं, त्याला आपण तीन चोक बारा म्हणतो.

आता करारनामा. 'टाइम इज ऑफ द एसेन्स' याचं तू 'वेळ हे सार आहे' केलंस. कीर्तनात शोभेल, करारात नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याचं ५५वं कलम काढून वाच. मुदत पाळणं ही कराराची मूळ अट असावी, असा पक्षांचा हेतू असेल आणि काम मुदतीत झालं नाही, तर समोरच्याला करार रद्द करता येतो. हेतू तसा नसेल, तर नुकसानभरपाईवर भागवावं लागतं. एवढं ज्यावर अवलंबून आहे, तिथे 'मुदत' हाच शब्द हवा.

'फॉर द टाइम बीइंग' तर आणखी फसवा. बोलण्यात तो 'तूर्त' किंवा 'सध्यापुरतं'. कायद्याच्या भाषेत मात्र 'त्या त्या वेळी', जसं 'त्या त्या वेळी अंमलात असलेला कायदा'. तिथे 'तूर्त' लिहिलंस, तर उद्या येणारा कायदा वाक्याच्या बाहेरच राहील.

आणि आपला 'वेळ' तरी एकटा कुठे आहे? 'माझा वेळ गेला' आणि 'माझी वेळ आली', ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघ. तो वेळ पुरतो, उरतो, वाया जातो. ती वेळ ठरते, टळते, चुकते. तो अवधी, ती घटका. इंग्रजी वाक्यातला टाइम यांतला कोणता, हे ठरल्याशिवाय पुढचं क्रियापद लिहू नकोस.

बाकीचे प्रयोग सरावाने येतील. 'ऑन टाइम' म्हणजे वेळेवर, 'इन टाइम' म्हणजे उशीर होण्याआधी, वेळेत. कादंबरीतला माणूस 'डूइंग टाइम' असेल तर तो तुरुंगात शिक्षा भोगतोय. 'अ‍ॅट टाइम्स'ला साधं 'कधीमधी' पुरतं, 'इन नो टाइम'ला 'बघता बघता'. अशा ठिकाणी 'वेळ' आणायची गरजच नाही.

म्हणून एक सवय लाव. 'टाइम' आला की चार प्रश्न विचारायचे: किती वेळ, केव्हा, कितीदा, किती पट? उत्तर मागच्यापुढच्या शब्दांत असतं. तिथे सापडलं नाही, तर मजकूर देणाऱ्याला विचार. त्यात कमीपणा नाही. आणि पान संपलं की इंग्रजी बाजूला ठेवून फक्त मराठी तुझ्या आईला वाचून दाखव. ती जिथे 'म्हणजे काय गं?' म्हणेल, तिथे खूण कर.

करारनामा सावकाश दुरुस्त केलास तरी चालेल. माहितीपत्रक मात्र आजच थांबव. छापून लोकांच्या हातात पडलं, की दुरुस्ती तिथवर पोचत नाही.

तुझी,
मावशी