स्वस्तातला कंडेन्सर माइक: पैसे घालण्याआधी आणि घातल्यानंतर



या आठवड्याच्या व्हिडिओत माइक जोडून दाखवला, बोलून दाखवला. पण पंधरा मिनिटांत सगळं काही बसत नाही, आणि हिशोबाचा भाग तर व्हिडिओत ऐकून डोक्यातच जात नाही. म्हणून हा लेखी धडा. वही घेऊन बसलात तर उत्तम.

हा धडा दोन जणांसाठी आहे. एक, जो स्वतःच्या मालाचे व्हिडिओ बनवतो आणि ज्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. दुसरा, ज्याला आवाजच विकायचा आहे. म्हणजे रिक्षावर फिरणारी जाहिरात, लग्नसराईतल्या सेलची घोषणा, दुसऱ्यांच्या चॅनेलसाठी निवेदन. तालुक्याच्या गावात या कामाला मागणी आहे, आणि घरातल्या एका खोलीत ते होतं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाने जरा जास्त लक्ष द्या, कारण पैसे तुमचे अडकणार आहेत.

आधी एक मिनिट गप्प बसा

माइक ऑर्डर करण्याआधी एक काम करा. ज्या खोलीत रेकॉर्डिंग करायचं ठरवलंय तिथे मोबाइलचा रेकॉर्डर लावा, दार-खिडकी बंद करा, पंखा बंद करा आणि एक मिनिट काहीही बोलू नका. मग इअरफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ते ऐका. फ्रिज ऐकू येईल, शेजारचा टीव्ही, लांबचा हॉर्न, कुकरची शिट्टी, इन्व्हर्टरची गुणगुण. हे सगळं कंडेन्सर माइक तुमच्या आवाजाबरोबर उचलणार आहे. त्याचा गुणही तोच आणि अवगुणही तोच, की त्याला बारीक ऐकू येतं.

आमच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. नोकरी सुटलेली, भिशीचे पंधरा हजार हातात, आणि घर स्टँडच्या रस्त्याला लागून. आवाज खणखणीत. त्यांचा आग्रह होता, "दादा, फक्त कुठला माइक घेऊ तेवढं सांगा." मी म्हटलं, आधी चार दिवस वेगवेगळ्या वेळी ही एक मिनिटाची टेस्ट करा. त्यांनी अगदी कागदावर लिहून आणलं. सकाळी अशक्य, संध्याकाळी अशक्य. पण दुपारी दीड ते साडेतीन, मागच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटासमोर बऱ्यापैकी शांत. मग धंदा त्या दोन तासांभोवती बसवला. दिवसाला दोनच कामं घ्यायची, अर्जंट काम घ्यायचं नाही. माइक त्यानंतर आला.

तुमच्याकडे असे दोन तास निघतच नसतील तर कंडेन्सर घेऊ नका. सरळ डायनॅमिक माइक घ्या, जो स्टेजवर गायक हातात धरतात तो. त्याच्या अगदी जवळ बोलावं लागतं, आवाज थोडा कमी खुललेला वाटतो, पण लांबचा गोंगाट तो फारसा उचलत नाही.

आतमध्ये काय आहे

थोडक्यात सांगतो, कारण याच्यावरच पुढचा खर्च अवलंबून आहे. डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाजवळ हलतं, त्यातून वीज तयार होते. बाहेरून काही द्यावं लागत नाही. कंडेन्सरमध्ये एक अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागे एक प्लेट असते. आवाजाने पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि तेवढाच बारीक सिग्नल निघतो. पडदा हलका, म्हणून बारीकसारीक सगळं पकडतो. पण सिग्नल इतका नाजूक असतो की आतलं सर्किट चालवायला वीज लागते. तीच ती ४८ व्होल्टची फँटम पॉवर.

पूर्वी असा माइक सामान्य माणसाच्या आवाक्यातला नव्हता. १९६२ साली बेल लॅब्समध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट माइक बनवला. त्यात पडद्यावरचा विद्युतभार कायमचा बसवलेला असतो. कॉलर माइक आणि बरेचसे स्वस्त कंडेन्सर याच तंत्रावर चालतात.

आता बाजारातला बीएम-८०० बघा. हे एका कंपनीचं नाव राहिलेलं नाही, वेगवेगळे लोक याच नावाने माइक विकतात. खोक्यात बहुतेक वेळा एका बाजूला तीन पिनांची एक्सएलआर आणि दुसऱ्या बाजूला मोबाइलच्या इअरफोनसारखी छोटी पिन अशी केबल येते. लोक ती लॅपटॉपला लावतात, आवाज येतो, आणि वाटतं झालं काम. येतो हे खरं, कारण कॉम्प्युटरचा माइकचा जॅक थोडी वीज पुरवतो आणि इलेक्ट्रेटला तेवढ्यात जेमतेम चालता येतं. पण आवाज बारीक येतो, तो वाढवायला जावं तर त्याच्याबरोबर 'सूंऽऽ' असा फुसफुसाटही वाढतो. नव्या लॅपटॉपला तर हेडफोन आणि माइक मिळून एकच जॅक असतो, त्यात ही पिन नुसती घातली तर माइक दिसतही नाही. मग माणूस माइकला शिव्या घालतो.

यातून दोन सरळ रस्ते आहेत. एक, यूएसबी कंडेन्सर घ्या. त्याला फँटम पॉवर लागत नाही, केबल लावली की काम सुरू. स्वतःच्या मालाचे व्हिडिओ करणाऱ्याला एवढं पुरे. दुसरा, एक्सएलआर माइक आणि सोबत ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बेरिंगर यूएम२ किंवा फोकसराइट स्कारलेट सोलो अशासारखी पेटी, जिच्यात ४८ व्होल्टचं बटण असतं. आवाज विकणाऱ्याने हा रस्ता धरावा. उद्या माइक बदलला तरी इंटरफेस तोच राहतो. नुसता फँटम पॉवरचा डबा आणून पुन्हा लॅपटॉपच्याच जॅकला जोडणारेही पुष्कळ आहेत. माझ्या मते ते अर्धवट काम. माइकला वीज मिळते, पण पुढचा रस्ता तोच खडबडीत.

जोडताना आधी केबल लावा, गेन खाली ठेवा, मग ४८ व्होल्ट सुरू करा. काढताना उलट: आधी बटण बंद, अर्धा मिनिट थांबा, मग केबल. आणि माइक चालतोय का बघायला त्याच्यात फुंकर मारू नका. ही आपली लाउडस्पीकरची सवय आहे, पातळ पडद्याला ती झेपत नाही.

खोली

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण फरक इथेच पडतो. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागे 'टणंग' अशी शेपटी ऐकू आली तर तीच शेपटी तुमच्या प्रत्येक शब्दाला लागणार. फरशी, सिमेंटची भिंत, काचेची खिडकी, स्टीलचं कपाट, सगळं आवाज परत फेकतं. मऊ आणि जाड ते आवाज गिळतं. आमचं दुकान कापडाचं, रात्री ठाणांच्या रॅकमध्ये बसून बोललं तर आवाज असा कोरडा आणि जवळचा येतो की विकतचा फोम काय करेल! तुमच्याकडे कापडाचं दुकान नसेल, पण गोधड्या आणि गाद्या असतील. बोलणाऱ्याच्या पाठीमागे एक जाड गोधडी लटकवा, कारण माइकचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणजेच तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडेही आहे. बहुतेक लोक माइकच्या मागे फोम लावून मोकळे होतात आणि स्वतःच्या मागची भिंत तशीच ठेवतात. खाली सतरंजी. उघडं, कपड्यांनी भरलेलं कपाट समोर असलं तर फारच छान.

अंड्याचे ट्रे चिकटवू नका. त्याने बाहेरचा आवाज थांबत नाही आणि आतलाही विशेष गिळला जात नाही, फक्त धूळ बसते. आणि हे नीट समजून घ्या: गोधडीने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरची बस थांबत नाही. बससाठी वेळ निवडावी लागते.

फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर जाताना ती शोधाल तेव्हा फ्रिज सुरू करायची आठवण होईल, नाहीतर दूध गेलं. 'हम्म्' असा जाडसर आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ती अशी कुठूनतरी डोकावते.

बोलायचं कसं

बीएम-८०० सारखा माइक बाजूने बोलायचा असतो, टोकाकडून नाही. उभा ठेवायचा आणि समोरच्या बाजूला तोंड करायचं, बहुतेक माइकवर नाव छापलेली बाजू ती. आइस्क्रीमच्या कोनासारखा तोंडासमोर धरून बोलणारे मी पाहिलेत.

अंतर एक वीत. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, मग गेन वाढवावा लागतो आणि खोलीचा गोंगाटही त्याच्याबरोबर वर येतो. फार जवळ गेलात तर आवाज उगीच जाड होतो. रेडिओसारखा वाटतो म्हणून सुरुवातीला मजा वाटते, पण शब्द कळत नाहीत.

आपल्या जाहिरातीचे शब्द बघा: भव्य, फक्त, पन्नास टक्के, भरघोस, पैठणी, बंपर. प, फ, ब, भ ही सगळी ओठ फुटून हवा मारणारी अक्षरं. पहिल्याच वाक्यात चार वेळा माइकमध्ये 'भप्' होणार. माइकपासून चार बोटांवर पॉप फिल्टर लावा. शिवणकामाच्या गोल फ्रेमवर पातळ स्टॉकिंगचं कापड ताणलं तरी काम होतं. शिवाय माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला सरकवा आणि त्याच्याकडे तिरकं बोला. हवेचा झोत पुढे निघून जातो.

गेन लावताना हळू बोलून लावू नका. जाहिरातीतलं सगळ्यात मोठ्याने म्हणायचं वाक्य म्हणा आणि मीटरचा काटा उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहील असं बघा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

सॉफ्टवेअर, थोडक्यात

ऑडेसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. ट्रॅक मोनो ठेवा, नाहीतर इंटरफेसवरून आलेला आवाज एकाच कानात वाजेल आणि ग्राहक फोन करेल. सुरुवातीला पाच सेकंद गप्प राहा. तो शांत तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल घ्यायचं, मग पूर्ण ट्रॅकवर नॉइज रिडक्शन ६ ते १२ च्या मध्ये. जास्त ओढलंत तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. ८० हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरने काढा. मूळ फाइल वेव्हमध्ये जपून ठेवा, ग्राहकाला एमपी३ द्या. मागे सिनेमाचं गाणं लावू नका, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

रिक्षाचं काम असेल तर अंतिम फाइल हेडफोनवर पास करू नका. रिक्षावरच्या भोंग्यात जाड सूर निघतच नाहीत. मोबाइलच्या स्पीकरवर, पंखा सुरू ठेवून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐका. फोन नंबरचा प्रत्येक आकडा कळला पाहिजे.

आता हिशोब

आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्याकडच्या भावाने बदलून घ्या. माइक २५००, इंटरफेस ४०००, स्टँड आणि पॉप फिल्टर १०००, एक्सएलआर केबल ५००, हेडफोन १५००. एकूण ९५००. गोधड्या घरच्या.

एका मिनिटाच्या जाहिरातीचे ४०० रुपये धरू. वीज, इंटरनेट, फोन मिळून ५० खर्च. राहिले ३५०. ९५०० भागिले ३५०, म्हणजे २८ कामांत पैसे वसूल. इथपर्यंत सगळे येतात आणि खूश होतात. पण स्क्रिप्ट नीट करणं, तीन वेळा बोलणं, साफ करणं, ग्राहकाचा "तेवढं नाव परत घ्या ना" हा फोन, असा दीड तास जातो. तुमच्या तासाला १०० रुपये जरी लावले तरी १५० गेले. उरले २००. आता ४८ कामं लागतात. दिवसाला एक काम मिळालं तर दीड-दोन महिने, आठवड्याला दोन मिळाली तर सहा महिने. दुसरी दुरुस्ती फुकट आणि तिसरीला १०० रुपये, हे काम घेतानाच सांगितलं तर हा आकडा पुष्कळ खाली येतो.

आणि २५०० चा माइक बदलून १०,००० चा घेतला तर? एकूण १७,०००, म्हणजे ८५ कामं. रिक्षाच्या भोंग्यावर तो फरक कोणालाही ऐकू येणार नाही, त्यामुळे ग्राहक दर वाढवून देणार नाही. ऑडिओबुक किंवा बाहेरच्या एजन्सीचं काम मिळायला लागलं की मग त्याचा विचार करा.

एक राहिलं, कोकणातल्या आणि पावसाळी भागातल्या मंडळींसाठी. कंडेन्सरला दमट हवा चालत नाही, कुरकुर आवाज यायला लागतो. काम झालं की माइक घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका.

पुढच्या भागापर्यंतचं काम: चार दिवस, दिवसातून तीन वेळा एक मिनिटाची टेस्ट करून वहीत लिहा. वेळ, खोली आणि काय ऐकू आलं. पुढच्या व्हिडिओत आपण ग्राहकाला दर कसा सांगायचा आणि ॲडव्हान्स कसा मागायचा ते घेऊ.