फराळाचं ताट म्हणजे एक जेवणच

दिवाळीनंतर तपासणीला येणारे मधुमेही हटकून सांगतात, "डॉक्टर, गोडाला हातसुद्धा लावला नाही, तरी साखर वाढली." ते खोटं बोलत नसतात. लाडू-करंजी त्यांनी खरंच टाळलेली असते. चिवड्याचा आणि चकल्यांचा डबा मात्र दिवसभर हाताशी असतो, कारण तिखटामिठाचं चालतं असा घरोघरी समज आहे. पण 100 ग्रॅम पोह्यांत 75 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. चकलीच्या भाजणीत सर्वांत मोठा वाटा तांदळाचा. चव तिखट असो वा गोड, या पिठाची पोटात साखरच होते.

ढोबळ हिशेब करून पाहा. मध्यम पोळीत साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं धरा. बेसनाचा एक लाडू, दोन चकल्या, वाटीभर चिवडा आणि मूठभर शंकरपाळे मिळून 75 ते 80 ग्रॅम होतात, म्हणजे पाच पोळ्या. एवढं सकाळी खाऊन दुपारी मसालेभात आणि पुरी, संध्याकाळी कुणाकडे गेलात की पुन्हा बशी. फराळ आपण जेवणाऐवजी खात नाही, जेवणाखेरीज खातो. माझं सगळं म्हणणं इथे आहे. फराळ खायचाच असेल, तर ताटातली पोळी-भाताची जागा त्याला द्या. दुपारी एक करंजी हवी असेल, तर त्या जेवणात भात नको आणि पोळी जेमतेम अर्धी.

अभ्यंगस्नानानंतरचा फराळ तर विशेष सांभाळायला हवा. पहाटे कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढलेली असतात, यकृत रक्तात साखर सोडत असतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. नेमक्या त्याच वेळी, रिकाम्या पोटी, आपण मैदा, साखर आणि पोहे खातो. गोव्यात या दिवशी दुधातले, रोसातले, ताकातले असे फोवांचे, म्हणजे पोह्यांचे, कितीतरी प्रकार होतात. तिथल्या वाचकांनी हे जास्तच मनावर घ्यावं. आधी दोन उकडलेली अंडी, मुगाचं धिरडं किंवा पनीरचे तुकडे आणि मूठभर शेंगदाणे खा. मग फराळातलं सर्वांत आवडतं एकच काही घ्या. भाजी आणि प्रथिनं आधी, पीठ-साखर शेवटी, एवढा क्रम पाळला तरी साखरेची उसळी कमी होते.

सणाच्या स्वयंपाकात कमी कर्बोदकांचे पदार्थ शोधायला बाहेर जावं लागत नाही. भरली वांगी, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, ताक, तळलेली नव्हे तर तव्यावर परतलेली मासळी, भाऊबीजेचं मटण किंवा कोंबडीचा रस्सा, हे पोटभर खाता येतं. फक्त सोबतचे वडे आणि भात आवरा. मटकीची उसळ वाटीभर चालेल. चिवड्यात पोहे निम्मे करून शेंगदाणे आणि सुकं खोबरं वाढवा, पण वाटी छोटीच ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

गुळाच्या अनारशांबद्दल दरवर्षी प्रश्न येतो. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत फरक मानू नका. खजूर-अंजिराची 'साखरविरहित' बर्फीही तशीच, कारण खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते. 'शुगर फ्री' लिहिलेल्या करंजीतला मैदा कुठे जात नाही.

घरी ग्लुकोमीटर असेल, तर खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी तपासा. बहुतेकांसाठी 180 च्या आत आकडा असावा. तुपातले, तळलेले पदार्थ पोटात रेंगाळतात, त्यामुळे साखर उशिरा चढते. फराळानंतर तीन-चार तासांनीही एकदा बघा. खाऊन झाल्यावर गप्पा मारत पंधरा मिनिटं चालून या. याचा फायदा मीटरवर दिसतो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. कर्बोदकं एकदम तोडण्याआधी आपली औषधं कोणती आहेत ते पाहा. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू असताना पोळी-भात अचानक बंद केला, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. त्या क्षणी पथ्य पाळायचं नाही. डोस किती कमी करायचा हे सणाआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कडक लो कार्ब किंवा उपास परस्पर सुरू करूच नये. या गोळ्यांबरोबर रक्तात कीटोनची आम्लं साठू शकतात, आणि तेव्हा मीटरवरची साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं किंवा कमालीचा थकवा जाणवला, तर अपचन समजून सकाळची वाट पाहू नका. ती गोळी थांबवा, त्याच रात्री रुग्णालय गाठा आणि तिथे आधी गोळीचं नाव सांगा.