चित्रपटकथा आणि हातांतील पडदा

आमच्या शाळेंतून शिकून गेलेला एक विद्यार्थी गेल्या दिवाळींत भेटावयास आला होता. चित्रपटांविषयीं बोलणें निघालें, तेव्हां चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट आपण मोबाइलवर दीडपट वेगानें पाहिल्याचें त्यानें सांगितलें. "सर, त्यांत कांहीं घडतच नाहीं," असा त्याचा अभिप्राय पडला. आम्हांस प्रथम रागच आला. परंतु त्याच्या तक्रारींत एक विचार करण्याजोगा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच येथें थोडा अभ्यास करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कथा जेथें दाखवावयाची तें स्थानच पालटलें, तर ती सांगण्याची रीत किती पालटावी?

हा प्रश्न केवळ आजचा नव्हे. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हां चित्राला वाचा नव्हती. जें सांगावयाचें तें हावभावांतून व मधूनमधून पडद्यावर येणाऱ्या अक्षरांतून सांगावें लागे. तीच कथा १९३२ सालीं प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत सांगितली, तेव्हां संवादांनीं व गाण्यांनीं तिचा घाटच निराळा झाला. चित्रपटगृहांतील मध्यंतरानेंही कथेवर आपला ठसा उमटविला. आपल्याकडील पटकथाकार मोठी कलाटणी नेमकी मध्यंतराच्या तोंडाशीं आणून ठेवतो, म्हणजे चहा प्यावयास बाहेर गेलेला प्रेक्षक उत्सुकतेनें परत येतो. तिकिटाचे पैसे भरलेले असल्यामुळें तो एरवींही परतला असता, ही गोष्ट वेगळी!

घरीं बसून पाहणाऱ्याला मात्र असें कोणतेंच बंधन नाहीं. अंगठ्याच्या एका स्पर्शानें तो दुसऱ्या चित्राकडे वळतो. म्हणून नव्या कथाकाराची पहिली चिंता ही कीं, त्याला आरंभींच धरून ठेवावें कसें. विक्रम चंद्र यांच्या कादंबरीवरून केलेली 'सेक्रेड गेम्स' ही नेटफ्लिक्सची पहिली भारतीय मालिका जुलै २०१८ मध्यें आली. ती शाळकरी मुलांनीं पाहण्याजोगी नाहीं. येथें तिच्या रचनेपुरताच उल्लेख करीत आहों. पहिल्याच भागांत एक गुन्हेगार पोलीस अधिकाऱ्यास दूरध्वनीवरून पंचवीस दिवसांची मुदत सांगतो, आणि तो भाग संपण्यापूर्वींच स्वतःचा अंत करून घेतो. तरीही पुढें त्याचाच आवाज कथा सांगत राहतो. आठही भाग एकदम प्रसिद्ध झाल्यामुळें मागील कथेची उजळणी करीत बसण्याचें कारण उरलें नाहीं. 'हाउस ऑफ कार्ड्स' या मालिकेचे तेरा भाग २०१३ सालीं असेच एका दिवशीं प्रसिद्ध झाले होते.

ही युक्ति वाटते तितकी नवी नाहीं. हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येत, तेव्हां वाचकाला पुढील अंकापर्यंत गुंतवून ठेवण्याचें कसब त्यांनाही साधावें लागेच. परंतु तो वाचक मध्यंतरींच्या दिवसांत कथेचा विचार करी, घरांत चर्चा करी, चुकीचे तर्कही बांधी. आतां पुढला भाग कांहीं सेकंदांत आपोआप सुरू होतो. आमच्या मतें नव्या रीतींतील खरी हानि ती हीच.

कांहीं कथाकारांनीं याहून पुढें जाऊन प्रेक्षकाच्याच हातीं कथेचे दोर दिले. चार्ली ब्रूकर यांनीं लिहिलेलें व डेव्हिड स्लेड यांनीं दिग्दर्शित केलेलें 'बँडरस्नॅच' हें चित्र डिसेंबर २०१८ मध्यें आलें. त्यांत ठिकठिकाणीं पडद्यावर दोन पर्याय येतात व दहा सेकंदांत एक निवडावा लागतो. न निवडल्यास यंत्रच निवड करतें. पहिला प्रश्न नायकानें न्याहारीस काय खावें, इतका साधा आहे. पुढचे मात्र भीषण होत जातात. येथें लेखकाची अडचण ध्यानांत घ्यावी. प्रत्येक फाट्यावर दोन्हीं वाटा लिहाव्या लागतात, आणि वाटा वाढतां वाढतां कथा हाताबाहेर जाते. म्हणून कित्येक वाटा थोड्याच अंतरावर खुंटतात व प्रेक्षकाला मागील फाट्यावर परत आणून सोडतात. ब्रूकर यांची हुशारी अशी कीं, त्यांनीं या अडचणीचाच कथाविषय केला; आपल्या कृति दुसराच कोणी ठरवीत आहे, अशी शंका नायकालाच येऊं लागते. असें हें चित्र नेटफ्लिक्सनें २०२५ सालीं आपल्या संग्रहांतून काढून टाकलें. पुस्तक जुनें झालें तरी निदान कपाटांत राहतें.

'क्विबी' नामक अमेरिकन संस्थेनें दहा मिनिटांहून लहान भाग खास मोबाइलसाठीं तयार करविले होते. ती एप्रिल २०२० मध्यें सुरू झाली व डिसेंबरांत बंदही पडली. उलट त्याच वर्षीं महेश नारायणन् यांनीं 'सी यू सून' हा मल्याळी चित्रपट जवळजवळ सर्वस्वीं मोबाइलच्या व संगणकाच्या पडद्यांतूनच सांगितला. हातांतील पडद्यावर तो आक्रसल्यासारखा वाटत नाहीं. त्याचें घरच तें.

'द डिसायपल' चें तसें नाहीं. व्हेनिस येथील महोत्सवांत २०२० सालीं त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळालें, आणि २०२१ च्या एप्रिल महिन्यांत तो नेटफ्लिक्सवर आला. हिंदुस्थानी संगीत शिकणारा तरुण रात्रीं मुंबईच्या ओस रस्त्यांवरून मोटारसायकलवर जात असतो, कानांत एका दिवंगत गायिकेचीं जुनीं व्याख्यानें चालू असतात, आणि दृश्याची गति मुद्दाम मंद केलेली असते. आयुष्य हळूहळू हातांतून निसटत आहे हें त्या मंदगतींतूनच कळावयाचें. दीडपट वेगानें पाहणाऱ्याला तेथें केवळ एक मोटारसायकलस्वार दिसतो. वेग बदलण्याची ही सोय नेटफ्लिक्सनें २०१९ सालीं चाचणीस घेतली, तेव्हां कांहीं दिग्दर्शकांनीं उघड विरोध केला होता. पुढल्या वर्षीं ती तरीही आलीच.

हें सारें त्या विद्यार्थ्याला ऐकविण्याच्या बेतांत आम्ही होतों. तोंच आठवलें कीं, आम्हीं स्वतः तो चित्रपट तीन रात्रींत, तुकड्यातुकड्यांनीं, उत्तरपत्रिका तपासतां तपासतां पाहिला होता. तसें आम्हीं त्याला प्रामाणिकपणें सांगितलें. तो हसला व म्हणाला, "मग सर, आपण दोघांनींही तो अजून पाहिलेलाच नाहीं." येत्या मे महिन्याच्या सुटींत तो पुन्हां येणार आहे. दिवे मालवून, मोबाइल दुसऱ्या खोलींत ठेवून, एका बैठकींत तो चित्रपट पाहावयाचा, असें ठरलें आहे.