स्विचचे फर्मवेअर बदलताना

पेण किंवा रोहे येथील तहसील कार्यालयात दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्यास 'नेट बंद आहे' असे उत्तर मिळते, तेव्हा दोष कधीकधी दूरच्या तारेत नसून कार्यालयातील कपाटाच्या एका पेटीत असतो. ही पेटी म्हणजे नेटवर्क स्विच. कार्यालयातील संगणकांच्या तारा तिच्यात एकत्र येतात. ती चालविणारी, तिच्यातच साठविलेली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर होय. 'एमस्वान' या शासकीय जाळ्याने तालुका मुख्यालये जोडली गेली आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तेव्हापासून ही पेटी दप्तराइतकीच मोलाची झाली आहे.

मग सुरळीत चालणाऱ्या स्विचला हात लावावाच कशाला? एप्रिल २०१८ मध्ये इराणमध्ये सुमारे ३,५०० सिस्को स्विचवर हल्ला होऊन त्यांची मांडणी पुसली गेली. दोषाचा इशारा व सुधारित फर्मवेअर कंपनीने मार्चअखेरीस दिले होते. परंतु नववर्षाच्या सुट्टीत काही संस्थांनी ते बसविलेच नव्हते, असे तेथील मंत्रालयाने सांगितले.

तथापि घाईही तितकीच घातक. प्रथम चालू मांडणीची प्रत स्विचबाहेर जपून ठेवावी. नवी फाईल त्याच मॉडेलची आहे ना, स्मृतीत जागा पुरेशी आहे ना, हे पाहावे. कंपनीने दिलेला तपासणी-अंक उतरविलेल्या फाईलशी अक्षरशः जुळला पाहिजे. न जुळल्यास फाईल टाकून द्यावी. जुने फर्मवेअर मात्र पुसू नये.

खरा धोका विजेचा. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली, तर काही स्विच पुन्हा उठतच नाहीत. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडात विजेचे खांब आडवे केले, हे सांगावयास नकोच. पण साध्या वळिवातही कोकणात वीज जातेच. म्हणून यूपीएसची बॅटरी भार देऊन आधी तपासावी आणि काम सुट्टीच्या सकाळी, आभाळ स्वच्छ असताना घ्यावे. अलिबागहून दूरस्थपणे आज्ञा देणाऱ्याचा संपर्क स्विच पुन्हा सुरू होताना तुटतोच. तो परत जुळला नाही, तर रोह्यात कन्सोल केबल घेऊन बसलेला जाणकार माणूसच उपयोगी पडतो.

दोन्ही तालुक्यांचे काम एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. पेणचा स्विच सुरू झाल्यावर आवृत्तीचा क्रमांक, प्रत्येक पोर्ट व व्हीलॅन तपासून, खिडकीवरील संगणकावरून एक सातबारा प्रत्यक्ष छापून पाहावा. आठवडाभर तक्रार आली नाही, की रोह्याचे काम हाती घ्यावे.