जेथे पडेल, तेथूनच पुढे

क्रिकेटच्या मैदानावर पंच उभे असतात. खो-खो आणि कबड्डी यांच्या सामन्यांतही निर्णय देणारा कोणी तरी असतोच. परंतु असाही एक खेळ आहे की, ज्यात बहुधा पंच नसतो आणि नियम पाळण्याचा भार खेळाडूंवरच सोपविलेला असतो. तो खेळ म्हणजे डिस्क गोल्फ होय.

या खेळात प्लॅस्टिकची चपटी चकती हाताने फेकीत फेकीत, साखळ्या टांगलेल्या लोखंडी टोपलीत पोहोचवावयाची असते. कमीत कमी फेकींत हे ज्यास साधेल, तो विजयी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ओक ग्रोव्ह येथे १९७५ साली एड हेड्रिक यांनी आखलेले मैदान हे या खेळाचे पहिले कायमचे मैदान मानले जाते. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, त्यांनी या खेळाची संघटना स्थापन केली.

हे मैदान म्हणजे सपाट पटांगण नव्हे. वाटेत झाडे, झुडपे, ओढे आणि खडक असतात. चकती जेथे स्थिरावेल, तेथूनच पुढची फेक करावयाची, हा मूळ नियम. त्या जागी खुणेची लहान चकती ठेवतात. तिच्या मागे २० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर लांब एवढ्याच जागेत, फेकताना पाय टेकलेला असावा लागतो.

चकती झाडावर अडकली तर? तिच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करून तेथून खेळावयाचे. फेकीला वाट करून घेण्यासाठी फांद्या मोडण्याची मुभा मात्र नाही. खुणेमागे भिंतीसारखा मोठा अडथळा आल्याने पाय टेकता येत नसेल, तर अडथळ्याच्या लगेच मागील जागा मिळते. चकती हरवली, तर शोधण्यास ३ मिनिटे असतात. त्यानंतर दंडाची एक फेक मोजून पूर्वीच्या जागी परतावे लागते.

ओढा, रस्ता असे काही भाग सीमाबाह्य ठरविलेले असतात. सीमारेषाही सीमाबाह्यच समजतात. तथापि चकतीचा थोडासा भाग जरी आत असला, तरी ती आतच धरली जाते. ती पूर्णपणे बाहेर गेली, तर एक फेक दंड होतो. मग खेळाडूने पूर्वीच्या जागेवरून पुन्हा फेकावे, किंवा चकती शेवटी जेथे आत होती, तेथून १ मीटरच्या आत खूण करून खेळावे.

पण चकती नेमकी कोठून बाहेर गेली, हे सांगणार कोण? सोबतचे खेळाडू बहुमताने ठरवितात. मते समसमान पडली, तर संशयाचा फायदा फेकणाऱ्याला मिळतो. म्हणजेच नियम खेळाडूवर आधी विश्वास टाकतो आणि मग त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करतो.

दाट झुडपाआड खेळाडू एकटाच उभा असतो. चकती पायाने वीतभर सरकविली, तरी कोणास दिसणार नाही. कदाचित त्यामुळे सामनाही जिंकता येईल. परंतु ज्या आकड्यावर आपला स्वतःचाच विश्वास नाही, त्या विजयाचा आनंद कोणता? म्हणून चांगला खेळाडू झुडपातून बाहेर येतो आणि आपला दंड स्वतःच मोठ्याने सांगतो. मग तो दुसरी चकती हाती घेतो आणि पुढच्या फेकीसाठी सज्ज होतो.