पातळ लॅपटॉपची रॅम वाढेल का?

प्रश्न : माझ्या पातळ लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे. शेंद्रा एमआयडीसीतल्या कामाची मोठी ड्रॉइंग उघडली की तो अडकतो. झाकण खोलून रॅम वाढवता येईल का?
– एक वाचक, करमाड

उत्तर : स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर गेलात की खाली ‘फॉर्म फॅक्टर’ दिसेल. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे. तशी असेल तर एसएसडीवर पैसे घालू नका. तिने जागा वाढेल, ड्रॉइंगची अडचण सुटणार नाही. पुढचा लॅपटॉप १६ जीबीचा घ्या. ‘एसओडिम’ (सुटी, काढता-बसवता येणारी रॅम) दिसलं तर काम सोपं आहे, फक्त डीडीआर ४ की ५ ते पाहून रॅम घ्या.

झाकण उघडण्यापूर्वी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की लिहून ठेवा, लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात, आणि त्यांची लांबी सारखी नसते. म्हणून कागदावर झाकणाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर बोर्ड किंवा कीबोर्ड दुखावतो. झाकणाच्या कडेने जुनं प्लॅस्टिक कार्ड सरकवा, लोखंडी पातं नको. आत सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तिला हात लावू नका, थेट अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा.