बुद्धीची आयात आणि देशांची दारे

अर्थशास्त्राच्या तासाला ‘ब्रेन ड्रेन’ हा शब्द निघाला की मला माझा मावसभाऊ आठवतो. पुण्यात इंजिनिअर होऊन तो अमेरिकेला गेला, त्यास आता बारा वर्षे झाली. नोकरी आहे, घर आहे. पण कायम वास्तव्याचा परवाना अजून नाही. “हुशार म्हणून बोलावला, मग उंबऱ्यावर का तिष्ठत ठेवला?” हा मावशीचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते येथे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

अमेरिकेने १९६५ साली राष्ट्रीयत्वावर आधारलेली जुनी कोटा पद्धत रद्द केली आणि आशियातील डॉक्टर-इंजिनिअरांना वाट मोकळी झाली. १९९० च्या कायद्याने ‘एच-१बी’ हा तात्पुरता व्हिसा आला. मर्यादा वर्षाला ६५,०००. संगणक उद्योगाच्या भरभराटीत ती १,९५,००० पर्यंत वाढविली गेली व २००४ पासून पुन्हा ६५,००० वर आली. पुढे अमेरिकी विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठी २०,००० जागांची भर पडली.

खरी मेख पुढे आहे. नोकरीवर आधारलेल्या कायम परवान्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक नसावा, असा नियम आहे. म्हणजे भारताला आणि चिमुकल्या आइसलँडला मर्यादा एकच! साहजिकच आपली रांग लांबत जाते.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. परदेशी माणूस मालकाशी बांधलेला असल्याने तो कमी पगारावर राबतो व आमची मजुरी पडते, अशी तेथील कामगारांची तक्रार आहे. ती सर्वस्वी खोटी म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले गेले, त्यामागे हेच कारण सांगण्यात आले.

परंतु एकाने दार लोटले की शेजारी ते उघडतो. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतील एच-१बी धारकांसाठी १०,००० परवाने खुले केले. ते दोन दिवसांत संपले. इतिहासातील दाखला तर याहून बोलका आहे. चिनी शास्त्रज्ञ छ्येन श्वेसन यांच्यावर १९५० साली अमेरिकेने संशय घेतला; १९५५ मध्ये ते मायदेशी परतले आणि चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक ठरले.

यावरून माझे मत असे झाले आहे, की बुद्धिमंतांना केवळ बोलावून भागत नाही. त्यांना स्थैर्य द्यावे लागते. हा धडा केवळ अमेरिकेसाठी नाही. परत येऊ इच्छिणाऱ्या आपल्या माणसाला आपल्या विद्यापीठांत, प्रयोगशाळांत आपण कोणती जागा देतो? मावशीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर वॉशिंग्टनमध्ये आहे. उरलेले निम्मे आपल्याला येथेच द्यावयाचे आहे.